उघडे दार

इटली देशाच्या उत्तर भागात, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, पो नदीच्या काठी तुरिन नावाचे शहर वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इटली हे एकसंध राष्ट्र झालेले नव्हते. तुरिन ही तेव्हा सार्डिनियाच्या राज्याची राजधानी होती आणि ती झपाट्याने वाढत होती. जागोजागी नव्या इमारती उठत होत्या, नवे कारखाने निघत होते. या वाढत्या नगरीला काम करणारे हात हवे होते. डोंगराळ खेड्यांतील गरीब घरांची मुले पोटासाठी तेथे येत. कोणी गवंड्याच्या हाताखाली विटा-चुना वाही, कोणी घरोघरची धुराडी झाडी, कोणी मिळेल ते ओझे उचली. बारा-चौदा वर्षांची ती मुले दिवसभर राबत. परंतु रात्र झाली म्हणजे पाठ टेकावयास कोठे जावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राही. हाताला काम नसले म्हणजे तर त्यांना कोणीच वाली नसे. पुलाखाली किंवा एखाद्या वाड्याच्या पायऱ्यांवर ती अंग मुडपून पडत. भुकेपोटी कोणी चोरी करी आणि मग त्यास निवारा मिळे तो तुरुंगाचा.

अशा निराधार मुलांसाठी आपल्या राहत्या घराचे दार उघडणारा एक तरुण धर्मोपदेशक त्या नगरीत होता. त्याचे नाव जिओव्हान्नी बॉस्को. इटालियन भाषेत धर्मोपदेशकाच्या नावाआधी डॉन हा आदराचा शब्द लावण्याची रीत आहे. त्यामुळे पुढे सारे जग त्यांना डॉन बॉस्को या नावानेच ओळखू लागले.

जिओव्हान्नीचा जन्म 16 ऑगस्ट 1815 रोजी तुरिनजवळील बेक्की या वाडीत, एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता, तोच त्याचे वडील वारले. घरात म्हातारी आजी, एक सावत्र मुलगा आणि पोटचे दोन लहान मुलगे एवढा संसार आई मार्गेरिता हिच्या अंगावर पडला. त्यातच त्या प्रांतात मोठा दुष्काळ पडला होता. मार्गेरितेस लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु ती धीराची आणि कष्टाळू होती. तिने शेत राखले, मुले वाढविली, आणि दारी आलेल्या भिकाऱ्यास घासातला घास देण्याचे व्रतही मोडू दिले नाही. आईचे हे वागणे मुलगा लहानपणापासून पाहत होता.

जिओव्हान्नीस शिकण्याची फार आवड होती. गुरे राखतानाही त्याच्या हाती पुस्तक असे. त्याचा थोरला सावत्र भाऊ आंतोनिओ यास मात्र हे मुळीच रुचत नसे. शेतकऱ्याच्या पोराला पुस्तके कशाला हवीत, असे त्याचे म्हणणे. घरात नित्य कलह होऊ लागला. अखेर घरातील शांतता राखण्यासाठी मार्गेरितेने काळजावर दगड ठेवून धाकट्या मुलास घराबाहेर काम शोधावयास पाठविले. तो तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. दिवस हिवाळ्याचे होते आणि वाटेवर बर्फ पडले होते. बगलेत कपड्यांचे आणि पुस्तकांचे लहानसे गाठोडे घेऊन तो दारोदार काम मागत हिंडला. शेवटी मोल्या नावाच्या शेतकऱ्याच्या वाडीवर तो पोचला. ऐन हिवाळ्यात गडी ठेवण्याची रीत नसल्याने त्या शेतकऱ्याने प्रथम त्यास नकारच दिला. तेव्हा, मला वेतन नको, फक्त राहू द्या, अशी मुलाने काकुळतीने विनवणी केली. घरधनिणीस त्याची दया आली. काही दिवस ठेवून तर पाहावे, असे तिने नवऱ्यास सुचविले. त्या काही दिवसांची सुमारे दोन वर्षे झाली. परक्या घराचे दार बंद होता होता कसे उघडते आणि एका मुलाचे आयुष्य त्यामुळे कसे सावरते, हे जिओव्हान्नीने असे स्वतः अनुभवले.

पुढे त्याचे शिक्षण पुन्हा सुरू झाले, परंतु कष्ट सुटले नाहीत. किएरी गावी शिकत असताना त्याने एका कॉफीगृहात काम केले, आणि तेथल्या जिन्याखालच्या अरुंद जागेत तो निजत असे. शिंप्याचे काम तो शिकला. लोहाराच्या भट्टीवरही त्याने हातोडा चालविला. 1841 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यास तुरिन येथे धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली.

तुरिनमध्ये डॉन बॉस्को यांना काफास्सो नावाचे एक थोर गुरू लाभले. ते तुरुंगांत जाऊन कैद्यांना धीर देत. त्यांच्याबरोबर डॉन बॉस्कोही जाऊ लागले. तेथील दृश्य पाहून त्यांचे मन विदीर्ण झाले. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, चलाख मुले त्या अंधाऱ्या कोठड्यांत खितपत पडली होती. शिक्षा भोगून सुटलेली मुले काही दिवसांनी पुन्हा तेथेच दिसत. याचे कारण काय असावे, याचा डॉन बॉस्को यांनी बारकाईने विचार केला. तेव्हा त्यांना असे आढळून आले की, सुटलेल्या मुलाची बाहेर वाट पाहणारे कोणी नसते. त्यास ना घर, ना काम, ना मायेचा शब्द; म्हणून तो जेथून आला तेथेच परत जातो. तुरुंगाच्या दाराबाहेर एखादा मित्र उभा असता, तर यांतील कित्येक मुले पुन्हा आत आली नसती, अशी त्यांची खात्री झाली.

त्यांनी अशा मुलांना दर रविवारी एकत्र जमविण्यास प्रारंभ केला. खेळ, गाणी, प्रार्थना आणि अक्षरओळख असा त्यांचा कार्यक्रम असे. आठवड्यातील इतर दिवशी ते मुलांच्या कामाच्या ठिकाणी जाऊन त्यांची विचारपूस करीत. मुलांची संख्या वाढत शेकड्यांवर गेली. परंतु त्यांचा गलबला शेजाऱ्यांना सहन होईना. एका जागेवरून दुसऱ्या जागी, दुसरीवरून तिसऱ्या जागी असे त्यांना हाकलण्यात आले. डॉन बॉस्को यांचे डोके फिरले आहे, असेही काही लोक म्हणू लागले. अखेर 1846 च्या एप्रिल महिन्यात शहराच्या वाल्दोक्को या उपनगरात पिनार्दी नावाच्या गृहस्थाच्या घरालगतची एक बुटकी पडवी त्यांना भाड्याने मिळाली. जमीन खोल खणून घेतली तेव्हा कोठे तीत ताठ उभे राहता येऊ लागले.

अतिश्रमाने त्याच उन्हाळ्यात डॉन बॉस्को मरणाच्या दारी जाऊन परत आले. विश्रांतीसाठी ते बेक्कीस गेले. परतण्याची वेळ आली तेव्हा वाल्दोक्कोच्या त्या वस्तीत एकट्याने राहणे त्यांना योग्य वाटेना. त्यांनी आईस बरोबर येण्याविषयी विचारले. मार्गेरितेचे वय तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. नातवंडांनी भरलेले घर, आपले अंगण, आपली शेतीवाडी सोडून या वयात अनोळखी शहरात जावयाचे होते. तरीही ती निघाली. 3 नोव्हेंबर 1846 रोजी ती मायलेकरे पायी चालत तुरिनला आली आणि पिनार्दीच्या घरातील भाड्याच्या खोल्यांत त्यांनी संसार मांडला. पैशांची इतकी टंचाई होती की, मार्गेरितेने जपून ठेवलेली आपल्या लग्नातील वस्त्रे आणि सोन्याचा सरही त्या कामी लावला.

रविवारी मुले येत आणि सायंकाळी पांगत. त्यांतील काहींना परत जाण्यासाठी घरच नाही, ही जाणीव डॉन बॉस्को यांना स्वस्थ बसू देईना. घराजवळ गवत साठविण्याचा एक माळा होता. ज्यांना कोठेच थारा नाही, अशा मुलांना ते रात्रीपुरते तेथे आणून निजवू लागले. आईने त्यांना पांघरावयास चादरी आणि घोंगड्या दिल्या. एके दिवशी सकाळी डॉन बॉस्को शिडी चढून वर पाहतात, तो माळा रिकामा! मुले पहाटेच पसार झाली होती आणि चादरी-घोंगड्याही त्यांच्याबरोबर गेल्या होत्या. असे एकदाच घडले असे नाही. पुन्हा दुसरी मुले आली आणि त्यांनीही तेच केले. शेवटी शेवटी तर माळ्यावरचे गवतही कोणी चोरून विकले.

दूध पोळले म्हणजे ताकही फुंकून पितात, ही जगाची रीत आहे. उपकाराची फेड अशी झालेली पाहून दुसऱ्या कोणीही दाराला कायमचा अडसर घातला असता, आणि त्यास दोष देता आला नसता. घरात आधीच चार वस्तू, त्याही अशा रीतीने जाऊ लागल्या, तर संसार चालावा कसा?

1847 सालच्या मे महिन्यातील एका रात्रीची गोष्ट. बाहेर मुसळधार पाऊस पडत होता. जेवणे उरकली होती. इतक्यात दारावर थाप पडली. दारात सुमारे पंधरा वर्षांचा एक मुलगा नखशिखांत भिजून उभा होता. त्याने भाकरी आणि रात्रीपुरता आसरा मागितला. मार्गेरितेने त्यास आत घेतले, चुलीजवळ बसवून ऊब दिली आणि गरम कढणाबरोबर पाव वाढला. त्याचे पोट भरल्यावर डॉन बॉस्को यांनी त्याची चौकशी केली. तो सेसिया नदीच्या खोऱ्यातून आलेला गवंडीकाम करणारा पोरका मुलगा होता. येताना त्याच्याजवळ तीन लिरा होते. काम मिळण्यापूर्वीच ते खर्चून गेले होते. आता जवळ काही नव्हते आणि जगात कोणी नव्हते.

इतके सांगून होताच मुलास रडू कोसळले. मार्गेरितेच्याही डोळ्यांत पाणी उभे राहिले. रात्र मोठी झाली होती. त्यास अशा पावसात बाहेर घालवून देणे तिला शक्य नव्हते. पण माळ्यावरच्या चोऱ्याही ती मायलेकरे विसरली नव्हती. डॉन बॉस्को यांनी मुलास स्पष्टच विचारले की, यापूर्वी आलेल्यांनी घरातील वस्तू नेल्या, तूही तसेच करणार नाहीस ना? आपण गरीब आहोत, परंतु आजवर कधी चोरी केली नाही, असे त्या मुलाने सांगितले. मग मायलेकरे बाहेर जाऊन फुटक्या विटा घेऊन आली. त्यांचे चार खांब रचून त्यांवर फळ्या टाकल्या आणि स्वयंपाकघरातच त्याचे अंथरूण घातले. डॉन बॉस्को यांनी आपल्या खाटेवरची गादी त्यावर पसरली. निजण्यापूर्वी मार्गेरितेने त्यास श्रमाचे, प्रामाणिकपणाचे आणि श्रद्धेचे महत्त्व चार सोप्या शब्दांत सांगितले. त्यानंतर तिने स्वयंपाकघराचे दार बाहेरून लावून घेतले आणि ते सकाळीच उघडले.

त्या माउलीच्या मनाचे खरे मोठेपण येथे दिसून येते. तिने दार लावले. कारण भांडीकुंडी गेली असती तर उद्या येणाऱ्या मुलास कशात वाढावे, हा प्रश्न होता. पण दार लावले ते मुलास आत घेतल्यानंतर! सावधपणा तिने सोडला नाही, आणि सावधपणाच्या नावाखाली दयाही सोडली नाही.

सकाळ झाली. मुलगा तेथेच होता. डॉन बॉस्को यांनी त्याच्यासाठी काम शोधून दिले. दिवसा तो कामावर जाई आणि रात्री जेवावयास व निजावयास या घरी येई. डॉन बॉस्को यांच्या घराचा तो पहिला निवासी. त्याचे नाव इतिहासास ठाऊक नाही. परंतु पुढे जे हजारो विद्यार्थी अशा घरांतून वाढले, त्यांच्या रांगेत पहिला मान त्याचाच आहे.

थोड्याच दिवसांनी डॉन बॉस्को यांना रस्त्याच्या कडेला एका झाडाला डोके टेकून रडत उभा असलेला बारा वर्षांचा एक मुलगा आढळला. त्याची आई आदल्याच दिवशी वारली होती आणि भाडे थकले म्हणून घरमालकाने त्यास बाहेर काढले होते. त्यालाही त्यांनी घरी आणले. त्या वर्षी जागेअभावी याहून अधिक मुलांना ठेवता आले नाही. पुढे एकेक खोली मिळत गेली, तसतशी मुले वाढत गेली. 1851 साली डोक्यावर मोठे कर्ज घेऊन डॉन बॉस्को यांनी ते घर विकत घेतले.

हे सारे सुखासुखी घडले, असे मात्र नाही. इतक्या मुलांचा स्वयंपाक करणे, त्यांचे फाटके कपडे शिवणे, धुणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, हा सर्व भार मार्गेरितेवर होता. मुले तिला आई म्हणत आणि आईस देतात तसाच त्रासही देत. तिने कष्टाने फुलविलेली भाजीची बाग त्यांनी खेळता खेळता तुडवून टाकली. वाळत घातलेले कपडे मातीत लोळविले. एके दिवशी तिचा धीर सुटला. आपल्याच्याने आता हे होत नाही, आपणास बेक्कीस परत जाऊ द्यावे, असे तिने डोळ्यांत पाणी आणून मुलास सांगितले. डॉन बॉस्को यांनी उत्तर दिले नाही. त्यांनी केवळ भिंतीवरील क्रूसाकडे बोट दाखविले. मार्गेरितेने क्षणभर तिकडे पाहिले, डोळे पुसले आणि ती पुन्हा मुलांचे कपडे शिवावयास बसली. त्यानंतर तिने परत जाण्याची गोष्ट कधी काढली नाही.

मुलास भाकरी आणि छप्पर दिले म्हणजे आपले काम संपले, असे डॉन बॉस्को यांनी कधी मानले नाही. आपल्या घरी मुलाने जन्मभर राहावे, असा त्यांचा हेतू नव्हता. त्याने एखादा धंदा शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहावे आणि मग सन्मानाने जगात जावे, हा त्यांचा उद्देश होता. उमेदवारी करणाऱ्या मुलांना त्या काळी कारागीर मालक घरगड्यासारखे राबवीत आणि प्रसंगी मारझोडही करीत. यावर उपाय म्हणून डॉन बॉस्को मालकांशी लेखी करार करू लागले. 1852 साली एका सुताराशी झालेला असा करारनामा जतन झालेला आहे. मालकाने मुलास आपला धंदा मन लावून शिकवावा, धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत, चूक झाल्यास शब्दांनी समजावावे, मारू नये, रविवारी सुटी द्यावी आणि ठरलेले वेतन वेळेवर चुकते करावे, अशी कलमे त्यात होती. आज कायदा ज्या गोष्टी सांगतो, त्या एका धर्मोपदेशकाने तेव्हा कागदावर उतरविल्या होत्या.

पुढे 1853 पासून त्यांनी आपल्याच घरी चांभारकामाचे आणि शिवणकामाचे वर्ग उघडले. स्वतःच्या गरिबीत शिकलेले शिवणकाम आता त्यांच्या उपयोगी पडले. त्यापाठोपाठ पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम यांच्याही कार्यशाळा सुरू झाल्या.

1854 च्या उन्हाळ्यात तुरिनमध्ये कॉलऱ्याची साथ आली. लोक आपल्या आप्तांनाही टाकून पळू लागले. तेव्हा डॉन बॉस्को यांनी मुलांना हाक दिली आणि चाळीसहून अधिक मुले रुग्णांच्या सेवेस पुढे आली. जी मुले कालपर्यंत रस्त्यावरची म्हणून हिणविली जात होती, तीच आता घरोघर जाऊन आजाऱ्यांना उचलीत होती. रुग्णांसाठी कापड कमी पडू लागले, तेव्हा मार्गेरितेने घरातील चादरीच काय, पण मेजावरची वस्त्रेही देऊन टाकली. एके काळी ज्या घरातून मुलांनी चादरी चोरून नेल्या होत्या, त्याच घरातून मुलांच्या हातांनी आता चादरी रुग्णांकडे जात होत्या. काळजी घेतल्यामुळे त्या मुलांपैकी एकही साथीस बळी पडला नाही. साथ ओसरल्यावर पोरक्या झालेल्या काही मुलांना वाल्दोक्कोच्या घराने आपल्या पोटाशी घेतले.

25 नोव्हेंबर 1856 रोजी मार्गेरिता मृत्यू पावली. दहा वर्षे तिने त्या घरात शेकडो मुलांचे आईपण केले होते. आई गेली, पण तिने घातलेला पाया ढळला नाही. 1859 साली डॉन बॉस्को यांनी आपल्या सहकाऱ्यांची एक संस्था स्थापन केली. त्या सहकाऱ्यांत त्यांच्याच घरी वाढलेले तरुण होते. 31 जानेवारी 1888 रोजी डॉन बॉस्को यांचे तुरिन येथे निधन झाले, तेव्हा त्यांचे कार्य युरोपात आणि समुद्रापलीकडे दक्षिण अमेरिकेतही पोचले होते. त्यांचे अनुयायी 1906 साली तंजावर येथे आणि 1928 साली मुंबईस आले. मुंबईत माटुंगा येथील शाळेस त्यांचेच नाव आहे. घरातून दुरावून रेल्वेच्या फलाटावर आणि रस्त्यावर दिवस काढणाऱ्या मुलांसाठी 1987 साली वडाळा येथे त्यांच्याच नावाने एक निवारा उघडण्यात आला.

या सर्व मोठ्या संस्थांचे मूळ शोधू गेल्यास आपण एका लहानशा स्वयंपाकघराशी येऊन पोचतो. तेथे फुटक्या विटांवर टाकलेल्या फळ्या आहेत, चुलीतील विस्तव आहे आणि भिजून आलेला एक अनोळखी मुलगा आहे. पहिल्याने आलेल्या मुलास आसरा देणे फारसे कठीण नसते. पहिल्याने फसविल्यावर दुसऱ्यासाठी पुन्हा उठून दार उघडणे, हेच कठीण असते. डॉन बॉस्को आणि त्यांची अशिक्षित आई यांनी त्या पावसाळी रात्री तेच केले. एकाच्या अपराधाची शिक्षा त्यांनी दुसऱ्यास दिली नाही. आणि म्हणूनच त्या दारातून आत आलेली कित्येक मुले माणूस म्हणून ताठ मानेने बाहेर पडली.